तिसरा फोन

क्लीव्हलँड, ९ मार्च २०११

वेस,

आई सांगते की माझी पत्रं तू उघडत नाहीस. खोलीतल्या दुसऱ्या कैद्याला देऊन टाकतोस आणि तो पाकिटांच्या पाठीवर पत्त्यांच्या डावाचे गुण मांडतो. मांडू दे. निदान माझा कागद तुरुंगात कोणाच्या तरी कामी येतोय.

बातमी चांगली आहे म्हणून लिहिते. घरभाड्याचं सरकारी व्हाउचर आलं. नायला पोटात होती तेव्हा यादीत नाव घातलं होतं, ती आता शाळेत जाते. भाड्याचा मोठा वाटा सरकार भरणार, उरलेला मी. घर मात्र मी शोधायचं आणि तेही मुदतीत. मुदत टळली की व्हाउचर दुसऱ्याला जाणार आणि मी पुन्हा यादीच्या शेपटाला. सध्या जोनेल, नायला आणि मी डेलोरिस मावशीच्या तळघरात बॉयलरशेजारी झोपतो. मावशी रोज सकाळी विचारते, “मग? मिळालं का गं काही?” तिचा आवाज गोड असतो, पण सामान बांध असंच म्हणत असते ती.

तुझा राग मला ठाऊक आहे. त्या दिवशी पोलिसांना फोन मी केला. नायलाच्या बापाने, रोडेलने, माझं तोंड स्वयंपाकघरातल्या सिंकच्या कडेवर आपटलं, जबडा मोडला, तरी मी जमिनीवर सरपटत जाऊन फोन लावला. बोलता येत नव्हतं, नुसती घशातून गुरगुरत होते. पोलिसांच्या आधी तू पोचलास आणि गाडीचा पाना घेऊन त्याचा गुडघा फोडलास, मग बरगड्या. पोलीस आले तेव्हा एक माणूस आडवा होता आणि एक हातात पाना घेऊन उभा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. तू काही संन्यासी नव्हतास म्हणा.

पण ऐक. फोन मी रोडेलसाठी केला होता, तुझ्यासाठी नाही. हे मी मरेपर्यंत लिहीन. आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही. केला नसता तर आज आई दर रविवारी चर्चमधून थेट माझ्या थडग्यावर आली असती.

तुझी बहीण, नेट


क्लीव्हलँड, २ मे

वेस,

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. रोजचं संभाषण ऐक.

“किती खोल्या हव्यात?”

“झोपायच्या दोन.”

“नोकरी करता?”

“हो. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, भरवते.”

“वा, पुण्याचं काम. कधी येता बघायला?”

“आज येते. माझ्याकडे व्हाउचर आहे.”

“अरेरे. ते घर कालच गेलं हो.”

काल गेलेलं घर आज पेपरात असतं आणि पुढच्या आठवड्यातही असतं. एकाने तर स्पष्टच सांगितलं, “बाई, व्हाउचरवाल्यांना घर देण्यापेक्षा मी ते जाळून विम्याचे पैसे घेईन.” खरं बोलला म्हणून मला त्याचा राग आला नाही.

पूर्वेकडच्या वस्तीत एक घर दाखवायला मालकाचा माणूस आला होता. वरच्या मजल्यावर नेलं आणि मागे दाराची कडी घातली. म्हणाला, “व्हाउचरच्या बायका भाडं दोन प्रकारे देतात.” माझ्या मानेला धरून भिंतीशी दाबलं. त्याचा अंगठा माझ्या तोंडाजवळ आला. मोडून सांधलेला का असेना, जबडा अजून चावतो, वेस. हाड लागेपर्यंत सोडला नाही. त्याने मला जिन्यावरून ढकललं आणि मी खाली येईपर्यंत वरून शिव्या देत होता. नाकातलं रक्त पुसलं, ब्लाउज उलटा घातला आणि पुढच्या पत्त्यावर गेले. तिथली वेळ ठरलेली होती.

तो पुढचा पत्ता नदीच्या पुलापलीकडे, शेजारच्या छोट्या गावात. मालक कोवाल्चिक, पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. माझ्या नाकाकडे बघितलं आणि पेपर टॉवेल दिला. घर जुनं पण कोरडं आहे. मागे अंगण आहे. सरकारी तपासनीस आला आणि मुलींच्या खोलीची खिडकी वर सरकवली की राहत नाही, खाली आपटते, पोर्चचा रंग सोलतोय म्हणून नापास करून गेला. कोवाल्चिक म्हणाला, “एवढ्यासाठी मी सुतार बोलावणार नाही. व्हाउचर तुझं आहे, खिडकीही तूच बघ.” मी खिडकीला नवी दोरी ओवली. शेजारची मिस अर्लीन, चर्चच्या दारात उभी राहून लोकांना जागा दाखवणारी म्हातारी, ओळख ना पाळख, स्वतःची खरवडणी घेऊन आली आणि रंग खरवडायला बसली. मुदत संपता संपता घर पास झालं.

किल्ली देताना कोवाल्चिकने एक बोट वर केलं. “एकच गोष्ट. या गावात नियम आहे. एका घरापायी वर्षात तीनदा पोलिसांना फोन गेला की ते घर उपद्रवी. मग गाव मला दंड करतं, आणि मी तुला बाहेर काढतो.”

“आणि मार मीच खाल्ला असेल तर?”

“कोणी कोणाला मारलं ते गाव विचारत नाही. फोन मोजतं.”

असं बाहेर काढलं की व्हाउचरही जातं. मग मी आणि पोरी रस्त्यावर, आणि यादीत पुन्हा नाव घातलं तरी नायलाचं लग्न होईपर्यंत नंबर लागायचा नाही. मी सही केली. म्हटलं, इथे मला कोण मारायला येतंय.

नेट


पुलापलीकडून, २० जुलै

वेस,

आला.

कोणी सांगितलं त्याला, माहीत नाही. अंगणात पोरींना पाण्याच्या नळीने भिजवत होते. तो फाटकातून लंगडत आला. लंगडतो अजून, तुझी मेहरबानी. “नेट, छान घर आहे. घराला पुरुष नाही वाटतं?” मी कोर्टाचा कागद दाखवला, माझ्या जवळ यायचं नाही म्हणून जजने दिलेला. त्याने तो घेऊन नाक शिंकरलं. मग माझे केस धरून मला नळाच्या लोखंडी पाइपवर आपटलं. पोरी किंचाळल्या. समोरच्या कोणीतरी फोन केला. गाडी यायच्या आत तो कुंपणावरून गेला. पोलिसांनी नोंद घेतली, मला बर्फ लावायला सांगितलं आणि गेले.

हा पहिला.

दुसरा मी केला. मागचं दार फोडून तो आत आला आणि दोन्ही हातांनी गळा धरला. डोळ्यांसमोर अंधार आला तेव्हा फोन हातातच होता, अंगठ्याने दाबला. पुन्हा तेच. सायरन ऐकून तो गेला, पोलीस आले, नोंद. एक तरुण पोलीस म्हणाला, “बाई, तुम्ही याला घरात घेता कशाला?” मी फुटलेलं दार दाखवलं. तो म्हणाला, “असं सगळ्याच म्हणतात.”

मग गावाची नोटीस आली. दारावर चिकटवून गेले, केशरी रंगाची, रस्त्यावरून वाचता येईल अशी. कोवाल्चिक आला, टोपी हातात घेऊन.

“दोन झाले, मिस प्रुइट.”

“माझ्या गळ्यावर बोटं दिसतात का तुम्हाला?”

“दिसतात. माझी बायकोही अशाच गळ्याने फिरायची. तिचा बाप तसा होता.” टोपी डोक्यावर चढवली. “पण दंड मला भरता येणार नाही. तिसरा करू नकोस.”

वाईट माणूस नाही तो. वाईट असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

व्हाउचर ऑफिसात गेले. तिथली बाई म्हणाली, वर्षाचा करार मोडून निघालात तर दुसरं घर मिळेलच याची हमी नाही. म्हणजे आगीतून फुफाट्यात. मी राहतेय. दाराला आडवी फळी ठोकली आहे.

नेट


५ सप्टेंबर

वेस,

सगळं ठीक आहे. नायला पोर्चच्या पायरीवरून पडली आणि हात मोडला. मिस अर्लीनच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. प्लास्टरवर जोनेलने फूल काढून दिलंय. शाळा सुरू झाली. टोमॅटो भरपूर आले, अर्धे खारी चोरून खातात. आईचा रक्तदाब बरा आहे.

रोडेल आला नाही.

नेट


२३ ऑक्टोबर

वेस,

मागच्या पत्रातलं टोमॅटोंचं तेवढं खरं होतं.

तो ऑगस्टभर येत होता. दारावरची केशरी नोटीस त्याने वाचली होती. पहिल्या दिवशी खुर्चीत बसला, माझा फोन स्वतः उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “कर. कर ना. तिसरा आहे ना?” आणि हसला. त्यानंतर मला तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता, वेस. खरोखरच तोंड दाबून. तो मारायचा तेव्हा मी तोंडात टॉवेल धरायची, कारण आवाज झाला की शेजारी फोन करतात आणि शेजाऱ्यांचा फोनही मोजतात. पोरींना सांगितलं होतं, बाथरूममध्ये जा, कडी घाला, गप्प बसा. एकदा नायला बाहेर आली आणि त्याच्या पायाला बिलगली. त्याने तिचा हात धरून तिला बाजूला भिरकावलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्या पोरीने स्वतःच्या तोंडावर दुसरा हात ठेवला. पाच वर्षांची आहे ती.

रुग्णवाहिकाही बोलावली नाही. न जाणो, तीही मोजली असती तर? मिस अर्लीनला सांगितलं पायरीवरून पडली. ती म्हणाली, “हो का,” आणि गाडी काढली.

आता मागच्या आठवड्याचं. शनिवारची सकाळ. मी मक्याच्या कण्या शिजवत होते, आई करते तशा, लोणी घालून घट्ट. पातेल्यात बुडबुडे फुटत होते. तो आला. त्याला पैसे नको होते, मीही नको होते. म्हणाला, “जोनेल आता मोठी झाली. माझ्याबरोबर फिरायला येऊ दे.” जोनेल अकरा वर्षांची आहे आणि त्याच्या रक्ताची नाही, तुला माहीत आहे. तिने नाही म्हटलं. त्याने तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तो तिला दाराकडे ओढत न्यायला लागला. आणि ती ओरडली नाही. एवढं ओढत होता, तरी पोर माझ्याकडे बघून ओठ मिटून होती, कारण मीच तिला शिकवलं होतं.

मी पातेलं उचललं. पाणी असतं तर अंगावरून ओघळून गेलं असतं. कण्या चिकटतात. आजी अलाबामात सांगायची ना, मळ्यातल्या बायकांकडे बंदूक नव्हती पण चूल होती. अख्खं पातेलं त्याच्या तोंडावर, मानेवर, उघड्या शर्टात. तो वेणी सोडून स्वतःचं तोंड ओरबाडायला लागला आणि कण्यांबरोबर कातडीही निघायला लागली. मग त्याच पातेल्याने मी त्याच्या डोक्यात घातलं. पुन्हा घातलं. जोनेलने माझा हात धरला नसता तर मी थांबले नसते. मला आनंद होत होता, वेस. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. आजही वाटत नाही.

त्याचं ओरडणं ऐकून मिस अर्लीन मागच्या दाराने आली. हातात फोन.

“ठेवा तो,” मी म्हटलं.

“अगं डेनेट्रा, माणूस मरतोय.”

“मरू दे. पण पुलापलीकडे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिने फोन एप्रनच्या खिशात टाकला. “सीटवर जुनी चादर अंथर आधी. माझ्या नवऱ्याची गाडी आहे ती.”

दोघींनी त्याला ओल्या चादरीत गुंडाळून, काखेत धरून मागच्या गल्लीतून गाडीत घातलं. मी मागे त्याच्या शेजारी बसले. तो आईला हाका मारत होता. पुलाच्या तोंडाशी लाल दिवा लागला आणि शेजारच्या रांगेत गावची पोलीस गाडी येऊन उभी राहिली, खिडक्या उघड्या. मिस अर्लीनने त्यांना हात केला, चर्चच्या दारात करते तसा. मी चादर त्याच्या तोंडावर दाबून धरली. किती वेळ, ते सांगणार नाही. दिवा हिरवा झाल्यावरही मी लगेच हात काढला नाही.

पूल ओलांडला. क्लीव्हलँडच्या हद्दीत पहिला पेट्रोल पंप लागला तिथे त्याला हवा भरायच्या यंत्राजवळ बसवलं. मी त्याच्या कानाशी वाकले. “तू माझ्या घरी आलास असं म्हणालास, तर कोर्टाचा कागद मोडला म्हणून आत जाशील. पोरीला ओढलंस हेही मी सांगेन. तिथे आत पोरींना हात लावणाऱ्यांचं काय करतात, वेसला विचार.” त्याने मान हलवली. मग मी आत जाऊन काउंटरवरचा फोन मागितला. “इथे एक माणूस भाजलाय, लवकर या.”

हा तिसरा. पण माझ्या घराचा नाही.

डावा डोळा गेला त्याचा. पोलिसांना त्याने सांगितलं, जेवण बनवताना स्वतःच्याच अंगावर सांडलं. भिंतीवरच्या कण्या वाळून सिमेंटसारख्या झाल्या आहेत. रोज थोड्या खरवडते.

नेट


१२ डिसेंबर

वेस,

तुझं पत्र आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी टपालपेटीपाशीच खाली बसले, बर्फात. इतक्या दिवसांनी दोनच ओळी लिहिल्यास. पहिली: “शिक्षा संपायच्या आधी सोडतायत, पण राहायला पत्ता लागतो, तुझा देऊ का?” खाली लिहिलंस, “फोनचं सोड आता.” ती दुसरी ओळ मी आईला वाचून दाखवली. ती इतकी रडली की तिचा चष्मा मी पुसून दिला.

मी उत्तर लगेच दिलं नाही. आईकडे तू राहू शकत नाहीस, तिच्या वृद्धांच्या इमारतीत पाहुणाही रात्री ठेवू देत नाहीत. मावशीचं तळघर तिने भाड्याने दिलं. उरले मी.

व्हाउचर ऑफिसात जाऊन विचारलं, मैत्रिणीच्या भावाचं आहे म्हणून. ती बाई म्हणाली, “मारहाणीची शिक्षा झालेला? नावावर घालता येणार नाही. लपवून ठेवला आणि कळलं, तर व्हाउचर रद्द.” आणि समज, तुला लपवूनही ठेवलं. रोडेल एका डोळ्याने अजून क्लीव्हलँडमध्येच फिरतोय. न्हाव्याच्या दुकानात सांगत होता म्हणे, वेस सुटू दे, मग हिशेब करू. तू इथे असलास तर तो येईल. नाही आला तर तू त्याला शोधत जाशील, मी तुला ओळखते, लहानपणी तुला आंघोळ मीच घालायची. कोणीतरी दारात आडवा पडेल. माझ्यात आता कोणाला पुलापलीकडे नेण्याची ताकद नाही. तुला तर नाहीच.

हे सगळं तुला लिहायचं ठरवत होते, तोवर काल दुपारी तुमच्या तुरुंगाचा अधिकारी स्वतःच आला. पत्ता बघायला. तू माझ्या उत्तराची वाट न बघता दिला होतास. उंच माणूस, बूट पायपुसण्यावर नीट पुसले. “आल्व्हेस्टर प्रुइटची बहीण तुम्हीच ना? तो इथे राहणार म्हणतो. घर बघू का जरा?”

मी दारातच उभी राहिले. म्हटलं, “इथे जागा नाही.”

जोनेल माझ्या मागे होती. शाळेतून नुकतीच आलेली, दप्तर पाठीवर. ती म्हणाली, “आहे की. वेसमामा माझ्या खोलीत झोपेल, मी नायलाजवळ झोपेन.”

अधिकारी तिच्याकडे बघून हसला, मग माझ्याकडे बघितलं. “बाई, पत्ता नसला तर आम्हाला सोडता येत नाही. अजून दोन हिवाळे आत काढावे लागतील त्याला. मग त्याने जायचं कुठे?”

“ते मला माहीत नाही,” मी म्हटलं. “इथे नाही.” आणि दार लावून घेतलं.

वळले आणि जोनेलच्या थोबाडीत मारली. जोरात, सगळ्या हाताने. आजवर मी तिच्यावर हात उचलला नव्हता. तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. तिने गालावर हात ठेवला, ओठ मिटले, आणि तोंडातून आवाज काढला नाही. या घरात ओरडायचं नाही, हे तिला पाठ झालंय.

घर राहिलं, वेस.

डेनेट्रा